गाऱ्हाण्यातली खरखर

आमच्या गावात शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर आली की देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि ते घालायचा मान आमच्या घराचा. हे गाऱ्हाणं कुठे लिहिलेलं नाही. बापाच्या मागे उभं राहून मुलाने ऐकायचं आणि ऐकता ऐकता पाठ करायचं, अशी पद्धत. माझे वडील चाळीसेक वर्षं ते घालत होते. त्यातली निदान तीस वर्षं मी त्यांच्या मागे उभा असायला हवा होतो. मी असायचो भजीच्या टपरीमागे.

गेल्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलता येत नाही. कागद-पेन दिलं तर डाव्या हाताने नुसत्या रेघा ओढतात. आम्ही त्यांना रत्नागिरीला आमच्या फ्लॅटवर आणलं. दिवाळीनंतर गावच्या प्रमुखांचा, गावकरांचा फोन आला, "यंदा तूच रे. शिमग्याआधी पाठ कर."

माझ्या नशिबाने आदल्या वर्षी मी मोबाइलवर ते गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं होतं. पुढे तो मोबाइल बदलताना फाइल कॉम्प्युटरवर टाकली आणि जुना मोबाइल देऊन टाकला. म्हणजे आता जगात बाबांचा आवाज एकाच जागी होता, आमच्या आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये.

बाबांची खाट बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी. म्हणून मी बिनतारी स्पीकर आणला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. बेत असा होता, की आत फाइल लावायची, बाहेर बाबांसमोर बसून मी पाठोपाठ म्हणायचं, बरोबर असेल तर त्यांनी डाव्या हाताचं बोट वर करायचं आणि चुकलं तर हलवायचं. पहिल्या सकाळी बाबांचाच आवाज त्यांच्या उशाशी घुमला, "बा देवा म्हाराजा," आणि मागून सगळ्या गावाचं "व्हय म्हाराजा." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण तेवढ्यात स्पीकर खरखरायला लागला.

खरखर म्हणजे तव्यावर मोहरी तडतडावी तशी. तीही नेमकी सीमेच्या देवांची नावं सुरू झाली की. कुठल्या पऱ्या-ओढ्याजवळचा कोण, कुठल्या घाटीवरचा कोण, अशी पंचवीस-तीस नावं आहेत आणि त्यांचा क्रम चुकवायचा नसतो. बाबांनी डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

मी बायकोला म्हटलं, "अगं, बाबांना चहा हवाय."

"आत्ता तर घेतला त्यांनी."

"असू दे. मागतायत तर दे."

तिने उरलेला चहा गरम करून आणला. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो प्यायला.

पुढचे दोन आठवडे पाठांतर बाजूला ठेवून मी त्या खरखरीच्या मागे लागलो. इंटरनेटवर एक गृहस्थ सांगत होते की ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. टाकला. दुसरे म्हणाले, स्पीकरची ओळख कॉम्प्युटरला विसरायला लावा आणि नव्याने करून द्या. ती करून देताना काय झालं देव जाणे, इकडे स्पीकर गप्प आणि पाच मिनिटांनी शेजारचे चाचा दारात. हे बोटीवर आयुष्य काढून निवृत्त झालेले.

"तुमचा देव आमच्या टीव्हीत आलाय," चाचा म्हणाले. "बायको विचारते, जी म्हणू की व्हय म्हणू?"

मी वायफाय बंद केलं, पंखा बंद केला, कॉम्प्युटरचं टेबल खिडकीशी नेलं. खरखर तशीच. कधी यायची, कधी नाही. आली की बाबा स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचे आणि मी चहा मागवायचो. एका सकाळी चौथा कप देताना बायको म्हणाली, "अहो, साखरेचं काय? डॉक्टर मला बोलतील." बाबा तोही प्यायले. फाइल पुन्हा मोबाइलवर घेऊन ऐकता आली असती, हे आता मला येणारा जाणारा प्रत्येक जण सांगतो. तेव्हा चाचांखेरीज कुणी आलं गेलं नाही.

शेवटी मी निष्कर्ष काढला, की खरखर रेकॉर्डिंगमध्येच आहे. आवाज स्वच्छ करणारा एक प्रोग्राम मी उतरवून घेतला. तो म्हणाला, नको असलेल्या आवाजाचा नमुना दाखवा. मी ढोल आणि माणसांच्या गलक्याचा तुकडा दाखवला. त्याने विचारलं, जुन्या फाइलवरच साठवू? तीस वर्षं सरकारी कचेरीत न वाचता सह्या केलेला माणूस मी. हो म्हटलं.

मग ऐटीत बाहेर येऊन बसलो. स्पीकरमधून खरखर. बाबांचं बोट स्वयंपाकघराकडे. मी हाक मारणार, इतक्यात स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह टिंग करून थांबला आणि त्याबरोबर खरखरही थांबली.

बायको कप घेऊन दारात उभी होती. तिने आत पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं. मग मायक्रोवेव्ह पुन्हा सुरू केला. खरखर. बंद केला. शांत.

"म्हणजे बाबा इतके दिवस..." ती म्हणाली.

बाबांनी बोट खाली घेतलं.

आता स्पीकर अगदी स्वच्छ वाजत होता, आणि त्यातून येत होता विहिरीच्या तळाशी पडलेल्या माणसाचा आवाज. "व्हय म्हाराजा" नाहीच, सगळा गाव पुसला गेला होता. नावांपैकी पहिली सहा-सात कळत होती. पुढे नुसतं बुडबुड. मी दहा वेळा लावलं, एकेक नाव अंदाजाने म्हणून पाहिलं. बाबांचं बोट वरही झालं नाही आणि हललंही नाही. हात छातीवर ठेवून ते छताकडे बघत राहिले.

गावकरांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही व्हय म्हणायचे धनी. नावं कोण लक्षात ठेवतो? ती तुझा बाप जाणे."

शिमग्याला सहाणेवर उभा राहिलो. सात नावं घेतली. आठव्याला जीभ अडली, समोर पालखी, भोवती सगळा गाव, आणि माझ्या तोंडून आलं, "इत्यादी." क्षणभर कुणालाच कळेना. मग मागून कुणीतरी दबकत म्हणालं, "व्हय म्हाराजा," आणि बाकीच्यांनी री ओढली.

घरी आलो तर बाबा वाट बघत जागेच होते. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने ओठ हलायला लागले, एका लयीत, मधे मधे थांबून. नावंच घेत होते ते, क्रमाने. मी कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास येत होता.