मिस्त्रींचा टॅक्स

आयकर भरायला इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा माणूस साऱ्या सोलापुरात एकच आहे, आणि तो आमच्या समोर राहतो. हल्ली टॅक्स संगणकावर भरतात आणि तो संगणक माझ्या पुढच्या खोलीत आहे, म्हणजे मिस्त्रींना रस्ता ओलांडण्यापलीकडे कुठं जायचं नसतं. तरी जुलैतल्या एका रविवारी ते दाढीबिढी करून, फाइल छातीशी धरून येतात आणि दारातूनच विचारतात, "वकीलसाहेब, बसू का?" मी वकील नाही, लोकांची रिटर्नं भरून देतो, हे मी त्यांना दहा वर्षं सांगतोय.

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत यंत्रांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून दुरुस्त करणं हा मिस्त्रींचा धंदा. तीस वर्षं झाली, पण नोकरी कुणाचीच नाही. बोलावलं की जायचं, काम करायचं, बिल द्यायचं. माझ्याकडे येणारी बाकीची मंडळी काय काय लपवता येईल ते विचारतात. मिस्त्रींना मात्र काही लिहायचं राहिलं तर नाही ना, याचा घोर. दिवाळीला मालकांनी दिलेल्या दोन टॉवेलांची किंमतसुद्धा त्यांनी एकदा उत्पन्नात धरायला लावली होती. लहान धंदेवाल्यांना आठ टक्के नफा दाखवून सुटायची सोय आहे, असं मी समजावलं, तर म्हणाले, "मला जास्ती उरतंय की! खोटं कशाला लिवायचं?" मग खर्चाचा हिशेब आला आणि त्यासाठी स्कूटरच्या डिकीत एक वही आली. चिंचोळीला गेलं की पेट्रोल धंद्याचं, येताना मंडईत थांबलं तर परतीचं पेट्रोल घरचं. वहिनी एकदा वैतागून मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी कोथिंबिरीची जुडीबी वहीत घातलीया. जेवू का नको मी?"

मी हसायचो. हसणं थांबलं ते मिस्त्रींनी एकदा सहज सांगितलेल्या गोष्टीमुळे. एका कारखान्यात गेटवर नवा वॉचमन आला होता. त्याने कार्ड मागितलं. मिस्त्रींकडे कुठल्याच कारखान्याचं कार्ड नाही. आत मशीन बंद आणि मिस्त्री दोन तास उन्हात उभे. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिटर्नची पोचपावती नेऊन दाखवली. "हजेरीपटावर कुटंच नाव न्हाय माजं, साहेब," ते म्हणाले, "मी काम करतो हे फकस्त हितंच लिवलंय." त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

गेल्या वर्षी सरकारने सूट वाढवली आणि मिस्त्रींचा टॅक्स शून्य आला. मी खुशीत सांगितलं, शिवाय मालकांनी बिलांतून कापलेला टीडीएसही परत मिळेल म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे यादीतनं काढलं का मला?" दुसऱ्या दिवशी ते आणखी एक कागद घेऊन आले. शेजाऱ्यांचा कूलर, मेव्हणीचा मिक्सर, कुणाकुणाची फुकट केलेली कामं त्यांनी रक्कम टाकून उत्पन्नात मांडली होती. न मिळालेलं उत्पन्न धरत नाहीत, आणि धरलं तरी शून्यच येतं, हे पटवायला मला दोन चहा लागले. शेवटी रिटर्न भरलं, पोचपावतीवर त्यांचं नाव दाखवलं, तेव्हा कुठं ते उठले.

यंदा ते जुलैची वाट न बघता मार्चमध्येच आले. डोळ्यांनी दगा दिलाय, बारीक तार दिसत नाही, बोटंही थरथरतात. आता काम बंद करायचं म्हणाले.

"काम न्हाई केलं तर रिटर्न भरता येतंय?"

"येतं की. शून्य उत्पन्नाचंही भरता येतं. नाव राहील."

ते पडद्याकडे सरकून वाकले. मग हळूच म्हणाले, "व्हय, पर धंद्याच्या जागी काय लिवणार तुमी?"

मी म्हटलं, "बघू, जुलैला अजून वेळ आहे." आणि मान खाली घालून त्यांची फाइल उगाच लावत बसलो.