लाल पेटीला हळदकुंकू

कुरुळीतलं आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, ड्रिलिंगची जुनी मशिनं आणि सासऱ्यांचा दरारा. गाडीच्या सीटखाली बसणाऱ्या लोखंडी पट्ट्या आम्ही करायचो. जुनं गिऱ्हाईक तुटलं तेव्हा नवऱ्याने सांगून टाकलं, चाकणच्या जपानी कंपनीचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर शेडला कुलूप.

कंपनीचा जपानी साहेब शेड बघायला येणार म्हटल्यावर सासऱ्यांनी मुलगी दाखवायची असल्यासारखी तयारी केली. फरशी धुतली, मशिनं पुसली, आणि बिघडलेल्या पट्ट्यांचा ढीग कोपऱ्यात ताडपत्रीखाली दडपून वर खंडोबाची तसबीर ठेवली, हारासकट. देवाला कोण हलवणार!

साहेबासोबत भाषांतर करणाऱ्या बाई होत्या. त्याने तसबिरीला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "खराब माल कुठे ठेवता?"

"आमच्यात खराब निघतच न्हाई," सासरे छाती काढून म्हणाले.

साहेबाने डायरी मिटली. बाई चाचरत म्हणाल्या, "ते म्हणतात, मग आपलं जमणार नाही. खराब माल दिसलाच नाही, तर सुधारायचं काय?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. मला मात्र संताप आला. या लपवाछपवीपायी शेड घालवायची? मी खंडोबाला हात जोडले, तसबीर उचलून सासऱ्यांच्या हातात दिली आणि ताडपत्री ओढली. सासरे तसबीर छातीशी धरून बघतच राहिले.

साहेब खूश! फतकल मारून त्याने पट्ट्या चाळल्या. बहुतेकींचं भोक एकाच बाजूला सरकलेलं. पट्टी धरणारा क्लॅम्प ढिला होता, एवढंच. दाराजवळ लाल पेटी ठेवा, खराब पट्टी तिच्यात टाका आणि रोज सकाळी सगळ्यांनी मिळून बघा, असं सांगून त्याने थोडं काम दिलं.

ते आता वाढलंय. मशिनं तीच, माणसं तीच, पण माल जास्त निघतो आणि वाया कमी जातो. आमच्या पट्ट्या बसवलेल्या गाड्या परदेशात जातात. परकी कंपनी आली की पैसा येतो म्हणतात; आमच्याकडे आधी तिची ही सवय आली. शेजारच्या शेडवाल्यांनीही, आम्हाला हसून झाल्यावर, लाल पेट्या ठेवल्यात.

यंदा खंडेनवमीला सासरे हळदकुंकवाचं ताट घेऊन मशिनं ओलांडून थेट दाराशी गेले. पहिलं बोट लाल पेटीला लावलं. मला हसू आलं.

"हसतीस काय? हिनं कुलूप लागू दिलं न्हाई."

आमच्या घरात बायका नारळ फोडत नाहीत. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"फोड. ताडपत्री तूच वढली व्हतीस."