शांतामावशीचा हात आणि टर्बोचा पाइप

महिना होत आला. लोहाऱ्याच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत होतो, तेव्हा मावसभावाचा फोन आला. "दत्ता, आई गेली रे..." बसलेल्या माणसांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि तसाच तुळजापूरला निघालो. चढाला जीप मस्त ओढत होती, आणि मला रडू येत होतं. कारण ही ओढ मावशीनंच दिलेली.

शांतामावशीचं तुळजापुरात बांगड्यांचं दुकान. बांगड्या भरण्यात तिचा हात धरेल असं कुणी नव्हतं. कष्टानं राठ झालेला पंजा असला, तरी बोलता बोलता अंगठ्याखाली असं दाबायची, की काच मनगटावर कधी गेली ते बाईला कळायचंही नाही. पण मावसा वारले आणि नवऱ्यामुलींच्या आया समोरच्या दुकानात जाऊ लागल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सुनेला गादीवर बसवून ती घरी बसली. मला संताप यायचा. ती मात्र भाकरी थापत म्हणायची, "असू दे बाबा, लोकांलाबी आपलं शुभ बघावं लागतंय."

त्या सुमारास माझी जीप चढाला दम टाकू लागली. टर्बोकडं, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणाऱ्या पंख्याकडं, हवा नेणारा जुना रबरी पाइप मऊ पडला होता, जोर दिला की आतल्या आत चेपायचा. कंपनीचा मिळेना, म्हणून सोलापूरहून बाहेरचा जाड सिलिकॉनचा आणला आणि रफिकभाईंच्या गॅरेजला गाडी लावली. मावशीला दातांच्या डॉक्टरकडून घरी नेत होतो, म्हणून तीही सोबत. इंजिन निवेपर्यंत चहा झाला. पाइपाचं एक टोक सहज बसलं. दुसरं इंजिनच्या मागं, खाली, टर्बोच्या तोंडावर चढवायचं होतं आणि तिथं जागा एवढीशी, की रफिकभाईंचा पंजा वरच अडकायचा. माझी तर गोष्टच सोडा. दोघांची बोटं सोलवटली, शिव्याही देऊन संपल्या.

मावशी स्टुलावरून उठली. "ढकलायला काय बैल हाय का त्यो? सरका."

तिनं हाताला साबणाचा फेस लावला, अंगठा तळव्यात मिटला, बोटं एकावर एक घेतली आणि बघता बघता तो पंजा मनगटाएवढा झाला! हात आत गेला. डोळे मिटलेले. पाइपाची कड तिनं आधी एका बाजूनं चढवली, मग फिरवत, दाबत बाकीची... आणि त्या पाइपाला म्हणत होती, "झालं गं, झालं बाय." रफिकभाईंनी वरून लांब स्क्रू ड्रायव्हरनं क्लिप आवळली, तेव्हा कुठं हात बाहेर आला. काळाकुट्ट, पण एक ओरखडा नाही.

रफिकभाईंनी तिच्यापुढं हात पुसायला फडकं धरलं. मग म्हणाले, "मावशी, पुढच्या जुम्म्याला आमच्या शबानाची हळद हाय. पोरीच्या बांगड्या तुमीच भरायच्या."

"मी? अरं, मी कशी..."

"ह्योच हात पायजे मला. दुसरा न्हाय."

ती आली, पण आढेवेढे घेतच. इंजिनात न अडलेली बोटं पहिल्या बांगडीला अडली. तिनं शबानाच्या आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "भरा की मावशी, पोरगी कवाची हात पुढं करून बसलीया." मावशीनं बांगडी भरली. मग शेजारपाजारच्या बायकांनीही तिच्यापुढं हात केले, ते संध्याकाळपर्यंत.

परतताना घराच्या वळणावर मी गाडी हळू केली. मावशी समोर बघत म्हणाली, "घरी नगं. दुकानाकडं घे."

तिला दारात बघून सून गादीवरून उठली. अंथरुणाला खिळेपर्यंत मावशी रोज तिथं बसली. परवा दुकानात गेलो. मावशीची गादी रिकामी होती, आणि सून शेजारी सतरंजीवर बसून बांगडी भरायला एका नवरीचा हात दाबत होती.