सेटिंगला हात लावायचा नाही

कुंभिवलीच्या संगणक वर्गात सरांचा एकच नियम होता : एडिटरच्या, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगला हात लावायचा नाही. आपल्या लॅपटॉपवरची सेटिंग त्यांनी पेनड्राइव्हने सगळ्या मशीनवर टाकली होती. त्यामुळे आम्ही प्रोजेक्ट इम्पोर्ट केला की एडिटर तो चालवायला लागणारं बिल्ड टूल शोधायला सरांच्या फोल्डरकडे जायचा. ते फोल्डर आमच्या मशीनवर नव्हतंच. मग तो टूल इंटरनेटवरून उतरवत बसायचा. अर्धा तास स्क्रीनवरची डाउनलोडची पट्टी हलायची नाही.

"चहा पिऊन या," सर म्हणायचे. लहानपणापासून मोर्च्यांत पत्रकं वाटत आलेली मी, मीही निमूट चहाला जायचे.

शेजारी कशेळ्याच्या वरच्या आदिवासी वाडीतली मुलगी बसायची. परीक्षेत पहिल्या येणारीला महामार्गावरच्या एका कंपनीत जागा मिळणार होती. ती जागा नाही मिळाली तर तिला दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जावं लागणार होतं.

परीक्षेच्या दिवशी नेटच गेलं. सगळे पट्टीकडे बघत बसले. तिने सेटिंग उघडली, मशीनवर दुसऱ्या फोल्डरमध्ये आधीपासूनच असलेलं टूल वापरायचा पर्याय निवडला, आणि दोन मिनिटांत तिचा प्रोजेक्ट चालू झाला.

"तिसऱ्या ओळीत बघ गं," ती माझ्याकडे झुकून म्हणाली. "टूल हितंच हाय."

माझाही चालू झाला.

सर आले ते तिच्याच मागे थांबले. "सेटिंगला हात लावलास? हे काय रान आहे, दिसेल ते ओरबाडायला?"

मागे कोणीतरी हसलं.

"रानात पण आमी झाडाला इचारून तोडतो, सर. हितं इचारलं तर तुमी चहाला धाडता."

सर लाल झाले. माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाले, "हिचा बघ." मग मला विचारलं, "सेटिंग न बदलता चालला ना गं तुझा?"

माझी सेटिंग त्यांनी उघडून पाहिलीसुद्धा नाही. माझ्यासारखी गावातली मुलगी नियम मोडणार नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. ती माझ्याकडे बघत होती. विनवत नव्हती, मी खरं बोलणार याची तिला खात्री होती.

"हो सर," मी म्हणाले.

तिला शून्य मिळालं. तिने दप्तर उचललं, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली. जागा मला मिळाली, आणि मी ती घेतली.