खालच्या मजल्यावरचा टोस्ट

भूकंपानंतर दोन आठवड्यांनी माझ्या पाच वर्षांच्या मुलीने माझ्या हातचं जेवण सोडलं.

अगदी कडकडीत उपास नव्हे. बंद पुड्यातली बिस्किटं चालत, केळं ती स्वतः सोलून खाई. पण मी शिजवलेलं काहीही समोर आलं की ओठ घट्ट मिटायची आणि जपानीत म्हणायची, "इरानाइ." नको. वरणभात इरानाइ, तूप-मेतकूट भात इरानाइ, शिरा केला तरी इरानाइ. बळेच घास भरवला तर तो गालात धरून बसायची आणि माझी पाठ वळली की रुमालात थुंकायची. ते रुमाल मला उशीखाली सापडायचे. तिच्या फ्रॉकचा मागचा पट्टा मीच बांधत होते, त्यामुळे ती किती उतरली आहे ते मला कुणी सांगायला नको होतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

आम्ही तोक्योशेजारच्या ग्योतोकुला राहायचो, चौथ्या मजल्यावर. नवऱ्याला मुंबईच्या बँकेने तोक्योच्या शाखेत पाठवलं होतं. आमच्या ओळखीची बाकीची भारतीय कुटुंबं मिळेल त्या विमानाने परत गेली. शाखा उघडी होती म्हणून तो राहिला, आणि तो राहिला म्हणून मी. पुण्याहून सासूबाईंचे सारखे फोन. "अगं, पोरीला तिथलं पाणी देऊ नकोस हो! दूध नको, पालक तर मुळीच नको. टीव्हीवर दाखवतायत सगळं." त्यांना काय बोलणार, कप्पाळ? अणुभट्टीचे स्फोट आम्हीही टीव्हीवरच पाहिले होते. जमीन अधूनमधून हलतच होती, आणि तान्ह्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका असं एक दिवस सरकारनेच सांगितलं. झालं! मी बाटलीबंद पाण्यासाठी सकाळपासून रांगेत उभी राहू लागले. मिळेल त्या पाण्यात फक्त मुलीचं शिजवायचं, एका लहान पातेल्यात. आमचं दोघांचं वेगळं, नळाच्या पाण्यात. तिच्या पातेल्याला आम्ही कुणी हात लावत नव्हतो. मी तर मिठाची चवसुद्धा घेत नसे. आमच्या घरी आंब्याच्या फोडी आम्हा मुलांना आणि कोय आईला, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. चांगलं ते लेकराच्या ताटात, त्यात विचार कसला करायचा?

डॉक्टर म्हणाले, घाबरली आहे, खाईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक ऑस्ट्रेलियन बाई राहायची. एकटीच. मुलीच्या बालवाडीत ती इंग्रजी शिकवायची, म्हणून मुलगी तिला टीचर म्हणे. बालवाडी बंद होती. धक्के बसले की सगळे जिन्यात येऊन उभे राहायचे, तिथे आमची जरा ओळख वाढली. एकदा ती म्हणाली, "मुलीला माझ्याकडे ठेवून जा ना, थंडीत रांगेत कशाला उभी करतेस?" मी ठेवून गेले.

पाणी घेऊन परत आले तर काय, माझी बया टेबलाशी बसून टोस्ट खातेय! गालाला काळं लागलेलं, पाय हलवत, मजेत. आधी मला रडूच आलं. आणि पाठोपाठ, खोटं कशाला बोलू, तळपायाची आग मस्तकात गेली. मी आठवडाभर नाकदुऱ्या काढतेय, आणि ही परक्या बाईकडे येऊन चापतेय.

"काय दिलंस तिला?" मी विचारलं.

तिने एक बुटकी बाटली पुढे केली. आत काळाकुट्ट, चकचकीत लगदा. डांबरच म्हणा ना. बिअर करताना जे यीस्ट उरतं त्याचं करतात, म्हणाली. मांसमच्छी काही नाही, ते मी तीनतीनदा विचारून घेतलं. मग मी चमचा घेतला आणि मोरंबा घ्यावा तसा भरून तोंडात टाकला.

अगं आई गं! मिठाचा खडा, कडू काढा आणि करपलेल्या भाजीची खरवड, सगळं एकदम घशाशी. डोळ्यांतून पाणी आलं. ती बाई टेबलावर हात आपटून हसत होती. भूकंपानंतर त्या इमारतीत कुणी इतकं हसलेलं मी ऐकलं नव्हतं. "अगं, एवढं नाही घ्यायचं! आधी लोणी, मग हे अगदी पुसटसं. नुसती बोट फिरल्याची खूण."

तिच्या देशात म्हणे पोरांना दात येतात तेव्हापासून हे देतात. डब्यात हेच, आजारी पडलं की हेच. बाकीचं जग नाकं मुरडतं आणि ह्यांना त्याचाच अभिमान. तिची आई दर पार्सलमध्ये एक बाटली पाठवायची. मोठा धक्का बसला तेव्हा ती पासपोर्ट आणि ही बाटली उचलून खाली पळाली होती. "इतर काही सुचलंच नाही," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मला हसू आलं नाही. मेतकुटाचा डबा मी विमानात मांडीवर घेऊन आले होते, कुणाला काय हसू!

मी तिच्याकडून वाटीत थोडं मागून आणलं. म्हटलं, चला, एवढ्यावर भागतंय तर हेच. संध्याकाळी मुलीसमोर बसून सगळं टीचरसारखंच केलं. तोच ब्रेड, लोणी, वर काळं पुसटसं. चव घ्यायचा प्रश्नच नव्हता, त्या घाणीला मी पुन्हा जीभ लावणार नव्हते. टोस्टचे चौकोन कापले, बशी पुढे सरकवली.

तिने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "इरानाइ."

माझा तोल गेला. "तिच्या हातचं चालतं, आणि मी काय विष घालते का गं?" मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा आतून धावत आला. मुलगी रडली नाही. तिने पाय खुर्चीवर ओढून घेतले आणि टक लावून माझ्याकडे बघत बसली. तिचं ते बघणं मला सोसवेना. नवऱ्याने बशी उचलली आणि म्हणाला, "तुम्ही दोघी पुण्याला जा. मी राहतो." पुण्याला जाऊन तरी काय, शिजवणार मीच ना?

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन खाली गेले आणि तिथेच ठाण मांडलं. म्हटलं, बघू तरी ही बाई काय जादू करते ते. जादूबिदू काही नव्हती. तिने टोस्ट भाजला, लोणी लावलं, काळं लावलं, आणि मुलीला देण्याआधी स्वतःच त्याचा मोठा लचका तोडला. डोळे मिटले. बोट चाटलं. "सॉरी, मला राहवतच नाही," म्हणत उरलेला टोस्ट मुलीच्या हातात दिला.

शी, उष्टं! माझ्या अंगावर काटाच आला. हात पुढे करून मी तो काढूनच घेणार होते. तेवढ्यात मुलीकडे लक्ष गेलं. ती टोस्टकडे बघतच नव्हती. ती टीचरच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरेपर्यंत बघितलं, मग जरा वेळ तिच्या चेहऱ्याकडे, आणि मग खायला सुरुवात केली. पुढच्या टोस्टलाही तेच.

जिना चढताना मी तिला विचारलं, अगदी हळू आवाजात, "टीचरकडचं का खातेस गं बाळा?"

"टीचर पण खाते."

"मी पण जेवते की!"

"ते दुसरं." ती पायरीवर थांबली. "माझ्या छोट्या पातेल्यातलं कुणीच नाही खात. बाबा नाही, तू पण नाही. त्यात दोकु आहे ना?"

दोकु म्हणजे विष. एवढं जपानी मला येत होतं.

मी तिथेच पायरीवर बसले. फोनवरचं सगळं ती ऐकत होती. पाण्यात आहे, दुधात आहे, पालकात आहे. मग आई रोज एक वेगळं पातेलं काढते, त्यातलं स्वतः चाटूनही बघत नाही, आणि जबरदस्तीने हिला भरवते. पाच वर्षांच्या पोरीने ह्यातून काय अर्थ काढायचा? आणि एवढं मनात ठेवूनही ती रात्री माझ्याच कुशीत झोपत होती, ह्याने मला जास्त रडवलं.

त्या संध्याकाळी घरात पाण्याची एकच बाटली शिल्लक होती. दुकानात पुन्हा कधी येणार, कुणी सांगत नव्हतं. मी छोटं पातेलं काढलं आणि ती बाटली ओतून तिचा भात लावला. ताटात घेतला, तूप घातलं, मेतकूट कालवलं. तिला समोर बसवलं आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. मी गिळला. तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून दाखवली.

दुसरा घास मी तिच्यापुढे धरला. ती मान मागे घेऊन म्हणाली, "अजून एक तू."

मी खाल्ला. मग आणखी एक. तिच्या वाटचं चांगल्या पाण्यातलं अन्न माझ्या घशाखाली उतरत होतं, आणि ताटात भात कमी कमी होत होता. ती माझा चेहरा निरखत होती. मला काही होतंय का, ते बघत होती.

अर्धं ताट संपल्यावर तिने तोंड उघडलं.