हुमण, फ्रीज आणि सासूबाईंची चूल

मैत्रिणींनो, पेडण्यातल्या एका दवाखान्यातून लिहितेय. ह्यांना सलाईन लावलंय. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब, आता उभंही राहवत नाही.

कारण? परवाचं बांगड्यांचं हुमण, म्हणजे आमचं खोबऱ्याचं कालवण! मी फ्रीजमध्ये ठेवलेलं. फ्रीजमध्ये चव मरते म्हणून ह्यांनी काल सकाळी ते बाहेर काढलं आणि रात्री तसंच गार भातावर ओतून घेतलं.

"अगो, आईचं हुमण दोन-दोन दिवस बाहेरच असायचं. कोणाला काय झालं होतं?"

अहो, पण सासूबाई ते सकाळ-संध्याकाळ चुलीवर खळखळून उकळायच्या! मी नवी सून असताना ते काम माझ्याकडेच होतं. धुरानं डोळे चुरचुरायचे, पण उकळी आल्याशिवाय त्या मला उठू द्यायच्या नाहीत. त्यांच्या लेकाला चव तेवढी आठवते, उकळी आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, शिळं काही खाल्लंत?"

"कायच नाय."

मग मीच सगळं सांगितलं.

आत्ता जरा डोळे उघडले. वाटलं, पाणी मागतील. तर हळूच विचारतात, "उरलेलं टाकलं नाहीस ना गो?"

टाकलं! आता चार दिवस पेज. पण पाचव्या दिवशी ह्या माणसापासून हुमण कुठे लपवू, तेवढं सांगा.