ऐनावरचे कोशेटे

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर आमच्या वाडीतल्या कोंडाबाईची भातखाचरं आहेत. रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, तर ऐनाच्या फांद्या तोडाव्याच लागतात. आणि ऐनावरच मोठ्या रेशमी पतंगांचे कोशेटे लोंबतात, कोंबडीच्या अंड्याएवढे, टणक. आत जीव झोपलेला असतो.

राबात कोशेटा जाता कामा नये, ही तिच्या सासूची शिस्त. सासू गेली, सुनेने ती सोडली नाही. प्रत्येक फांदी चाचपायची, कोशेटे डहाळीसकट काढायचे आणि माथ्यावरच्या न तोडलेल्या ऐनाला नेऊन बांधायचे. हसायला वाडीला काय लागतं! बाकी सगळ्यांचे कोशेटे राबातच भाजून जात. पण पावसाच्या तोंडावर तिन्हीसांजेला तिच्या दारातल्या दिव्यावर तळहाताएवढे तांबूस पतंग येऊन बसत, तेव्हा बघायला अख्खी वाडी हजर. लेक नव्हती तिला. ‘लेकी आल्या,’ म्हणायची.

राब भाजायचा तो भल्या सकाळी, वारा पडलेला असताना. शेंबड्या पोरालाही कळतं हे. पण गेल्या उन्हाळ्यात तिचा मुलगा गोकुळ मंचरच्या कामावरून आला तोच दुपारी, आणि संध्याकाळच्या गाडीने त्याला परत जायचं होतं. पेटवू का, त्याने विचारलं. एकटीने आग आवरणं आता झेपत नव्हतं, म्हणून तीच म्हणाली, पेटव.

वारा उठला. ठिणगी बांधावरच्या वाळल्या गवतात पडली आणि वणवा उतार चढत गेला. दोघं ओल्या डहाळ्यांनी झोडपत राहिली, तरी माथ्यावरचा ऐन होरपळलाच. उतारावरचे सगळे कोशेटे तिने आपल्या हाताने तिथे आणून बांधले होते. विखुरलेले असते तर चार तरी वाचले असते. मला गोकुळचा राग आला, तिचाही आला, आणि मग नुसतं भरून आलं.

त्या पावसाळ्यात दिव्यावर कुणी आलं नाही. उतारावरची फुलपाखरंही दिसेनाशी झाली. अळ्यांचा पालाच जळाला होता. वाट बघून बघून ती दिवा लवकर मालवू लागली.

यंदा ती फांद्या तोडत होती तेव्हा मी गेले. अजूनही एकेक फांदी चाचपत होती. काही सापडलं का, मी विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मागं कोशेटे काढण्यातच दिस जायाचा. आता दुपारच्या आत उरकतंय.”